वस्तीच्या कामी येणारी तंत्रज्ञान स्पर्धा: पहिल्यांदाच प्रायोजक होणाऱ्यांसाठी

गणेशोत्सवाच्या कमानीला किंवा गल्लीतल्या क्रिकेट चषकाला पैसे कसे द्यायचे, हे आपल्याकडे कोणत्याही दुकानदाराला शिकवावे लागत नाही. कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन येतात, आकडा ठरतो, फ्लेक्सवर नाव कुठे येणार हे बोलून होते आणि व्यवहार संपतो. अलीकडे मात्र अभियांत्रिकी महाविद्यालये, माजी विद्यार्थी संघ, गृहनिर्माण सोसायट्यांचे महासंघ, वाचनालये अशा ठिकाणांहून निराळ्या मजकुराचे पत्र येऊ लागले आहे. आमच्या प्रभागातल्या प्रश्नांवर तंत्रज्ञानाच्या मदतीने उपाय शोधण्याची स्पर्धा घेत आहोत, आपण प्रायोजक व्हावे, असे त्यात लिहिलेले असते. ज्यांना असे पत्र पहिल्यांदाच आले आहे आणि मदत करण्याची मनापासून इच्छा आहे, अशा लहान उद्योजकांसाठी, व्यावसायिकांसाठी आणि संस्थांसाठी हा लेख आहे. मी पुण्यात राहतो, म्हणून उदाहरणे बहुतेक पुण्याची आहेत; नियम मात्र महाराष्ट्रात सगळीकडे सारखेच लागू होतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकीच्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. बक्षीस समारंभ झाल्यानंतरच्या वर्षासाठी पैसे राखून ठेवल्याशिवाय अशा स्पर्धेला एक रुपयाही देऊ नये.

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन येथे, २००८ साली शहर प्रशासनाने आपली माहिती खुली करून ‘अ‍ॅप्स फॉर डेमोक्रसी’ ही स्पर्धा घेतली. ३० दिवसांत ४७ अ‍ॅप्स तयार झाली आणि खर्च आला ५०,००० डॉलर. जगभर तिचे कौतुक झाले आणि अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले. पण त्या अ‍ॅप्सपैकी फारच थोडी पुढे वापरात राहिली आणि काही काळाने खुद्द त्या शहरानेच ती स्पर्धा थांबवली. याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे २००७ साली, ब्रिटनमध्ये ‘मायसोसायटी’ या संस्थेने ‘फिक्समायस्ट्रीट’ सुरू केले. रस्त्यावरचा खड्डा किंवा बंद पडलेला दिवा नकाशावर दाखवायचा आणि ती तक्रार संबंधित कार्यालयाकडे जायची, इतकीच त्याची साधी कल्पना आहे. ते अजून चालू आहे, कारण त्याची देखभाल करणारी माणसे पहिल्या दिवसापासून ठरलेली होती.

मला हे पुस्तकातून समजले नाही. मी पहिल्यांदा पैसे दिले ते पावसाळी गटारांच्या चेंबरच्या नकाशासाठी. तीन विद्यार्थ्यांनी एप्रिलच्या उन्हात दोन दिवस पायी फिरून आमच्या भागातल्या प्रत्येक चेंबरचा फोटो काढला, झाकण फुटले आहे की गायब आहे याची नोंद केली आणि ते सगळे नकाशावर लाल-हिरव्या ठिपक्यांनी दाखवले. पहिले बक्षीस त्यांनाच मिळाले आणि ते योग्यच होते. त्या नकाशाच्या सर्व्हरचे भाडे वर्षाला जेमतेम काही हजार रुपये होते, पण ते कोणी भरायचे हे एकाही कागदावर लिहिलेले नव्हते. मुले अंतिम वर्षाच्या परीक्षेला लागली, नंतर नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, त्या रात्री मी मोबाइलवर तो नकाशा उघडू पाहिला, तर पान उघडलेच नाही. चूक मुलांची नव्हती. धनादेशावर सही करताना मी पुढचे विचारलेच नव्हते.

पहिली पायरी: पैसे कोणाच्या हाती जातात ते पाहणे

आयोजक कितीही ओळखीचे असले, तरी रक्कम कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर किंवा वैयक्तिक क्यूआर कोडवर देऊ नये. आयोजक सार्वजनिक न्यास असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचा नोंदणी क्रमांक, संस्थेच्या नावाचे पॅन, बँक खात्याचा तपशील आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागावा. महाविद्यालय असेल तर प्राचार्यांच्या सहीचे लेटरहेडवरचे पत्र पुरेसे असते. पुष्कळदा चांगली स्पर्धा घेणारा गट नोंदणीकृत नसतो, चार-पाच उत्साही तरुण मिळून ती घेत असतात. त्यांना नकार देण्याची गरज नाही. ओळखीच्या एखाद्या नोंदणीकृत न्यासामार्फत किंवा महाविद्यालयामार्फत पैसे यावेत आणि तिथेच हिशेब राहावा, एवढे सुचवावे. कागद मागितल्याने संबंध बिघडतात ही भीती निराधार आहे. ज्यांना काम करायचे असते, ते ही कागदपत्रे दोन दिवसांत पाठवतात.

दुसरी पायरी: देणगी की प्रायोजकत्व, हे आधी ठरवणे

हे दोन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो, पण करांच्या कायद्यात त्यांच्यात मोठे अंतर आहे. पैशांच्या बदल्यात आपल्या व्यवसायाची जाहिरात होणार असेल, मंचामागे बोधचिन्ह झळकणार असेल, तर जीएसटीच्या दृष्टीने ती एक सेवा ठरते आणि तिला १८ टक्के दर लागतो. तो कोणी भरायचा हे देणारा आणि घेणारा यांच्या स्वरूपावर ठरते. याउलट धर्मादाय संस्थेला निव्वळ देणगी दिली आणि संस्थेने व्यवसायाचा उल्लेख न करता केवळ कृतज्ञता म्हणून नावाची पाटी लावली, तर जीएसटी लागत नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. दोन्ही मार्ग सरळ आहेत. अडचण येते ती देणगीची पावती घेऊन जाहिरातीची अपेक्षा धरली की.

आयकरातली सवलत, जिला सगळे ‘ऐंशी जी’ म्हणून ओळखतात, ती हवी असेल तर संस्थेकडे तशी मान्यता असावी लागते. २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली तर ही सवलत मिळत नाही आणि वस्तुरूपाने दिलेल्या मदतीवरही ती नसते. म्हणजे जुने लॅपटॉप दिले तर त्यांचा उपयोग मोठा होतो, पण वजावट मिळणार नाही.

मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीविषयी, म्हणजे सीएसआरविषयी, नेहमी गैरसमज होतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम या कामी खर्च करावी लागते. मात्र स्वतःच्या उत्पादनाच्या किंवा सेवेच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही, असे नियमांतच नमूद आहे. आपण अशा कंपनीत नोकरीला असाल आणि तिथून निधी मिळवून देण्याचा विचार करत असाल, तर स्पर्धेच्या दोन दिवसांपेक्षा त्यानंतर वस्तीत वर्षभर चालणारे काम हा प्रकल्प म्हणून मांडावा आणि निधी घेणाऱ्या संस्थेने सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी केली आहे ना, हे पाहावे.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींकडूनही अशा स्पर्धांना पुष्कळदा मदत येते. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी देणगी मानली जात नाही. पण ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० खाली येते, मग ते मूळचे सदाशिव पेठेतले का असेनात. ती केवळ त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते.

तिसरी पायरी: प्रश्न नीट मांडला आहे का, हे तपासणे

प्रायोजकाने सर्वाधिक वेळ इथे द्यावा, कारण इथली कसूर पुढे पैशाने भरून निघत नाही. ‘पाणी व्यवस्थापनासाठी कल्पक उपाय सुचवा’ असा विषय दिला, की चाळीस गट चाळीस डॅशबोर्ड, म्हणजे आकडे आणि आलेख दाखवणारी पाने, बनवतात आणि पाण्याचा एक थेंबही वाचत नाही. तोच प्रश्न असा मांडून पाहावा: आमच्या इमारतीत महापालिकेचे पाणी पहाटे दोन तास येते. वरची टाकी भरून वाहू लागली, तरी तळघराजवळ बसलेल्या वॉचमनला ते शेजारच्या इमारतीतून ओरड झाल्यावर कळते. टाकी काठोकाठ भरण्याआधी त्याच्या साध्या, बटणांच्या फोनवर त्याला सूचना मिळावी. एका इमारतीचा खर्च ३,००० रुपयांच्या आत असावा आणि बिघाड झाल्यास गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला तो दुरुस्त करता यावा. या मांडणीत माणूस आहे, वेळ आहे, खर्चाची मर्यादा आहे आणि प्रश्न सुटला हे कशावरून ओळखायचे तेही आहे. आयोजकांनी पाठवलेल्या प्रत्येक विषयात या चार गोष्टी शोधाव्यात आणि एखादी नसेल, तर विषय नम्रपणे परत पाठवावा.

असे विषय कार्यालयात बसून सुचत नाहीत. स्पर्धेच्या किमान दोन महिने आधी आयोजकांनी आणि शक्य असल्यास आपणही एक फेरी मारावी: क्षेत्रीय कार्यालयातले कनिष्ठ अभियंता, आरोग्य निरीक्षक, अंगणवाडी सेविका, रिक्षा थांब्यावरचे चालक, भाजीवाल्या मावशी. पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून काम करते आहे. कोणत्या सोसायटीत ओला-सुका कचरा खरोखर वेगळा होतो आणि कुठे केवळ नोटीस बोर्डावर होतो, हे तिच्या सदस्य महिलांइतके नेमके कोणीही सांगू शकणार नाही. ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्याकडून तो ऐकावा आणि त्यांच्यापैकी निदान दोघांना परीक्षक म्हणून बसवावे, ही अट मी आता लेखी घालतो. त्या दिवसाचा त्यांचा रोज बुडणार असेल, तर त्याची भरपाई मानधन म्हणून द्यावी. प्राध्यापकांना देतो तेवढेच.

हा आग्रह मी का धरतो, ते वर दिलेल्या टाकीच्या उदाहरणातूनच सांगतो. एका स्पर्धेत एका गटाने ध्वनिलहरींवर चालणारा सेन्सर बादलीवर धरून पाण्याची पातळी अचूक दाखवली. टाळ्या झाल्या. सुदैवाने आम्ही निकाल लगेच न देता सर्वांना गच्चीवर नेले. जलरोधक प्रकारचे हे स्वस्त सेन्सर साधारण २० सेंटिमीटरपेक्षा जवळचे अंतर मोजू शकत नाहीत, कारण आवाज सोडून लगेच त्याचा प्रतिध्वनी टिपायला त्यांना उसंत मिळत नाही. टाकीच्या झाकणाला सेन्सर लावला आणि पाणी वर चढत गेले, तसे आकडे व्यवस्थित बदलत राहिले. पण टाकी भरत आली, म्हणजे सूचनेची खरी गरज होती त्याच क्षणी, आकडे वाटेल तसे उड्या मारू लागले. वॉचमन काका शांतपणे म्हणाले, “झाकणाला नको, वर पाइपाचा तुकडा उभा करा आणि त्याच्या टोकाला लावा.” मुलांनी हातभर पाइप कापून तसे केले आणि आकडे स्थिर झाले. हे सभागृहात कधीच कळले नसते.

हवेच्या प्रदूषणावरच्या स्पर्धांनाही हीच कसोटी लावावी. धूलिकण मोजणारे स्वस्त सेन्सर कणांमुळे विखुरणारा प्रकाश मोजतात. दमट हवेत किंवा धुक्यात पाण्याचे सूक्ष्म थेंबही ते धूळ म्हणून मोजतात आणि आकडा फुगतो. त्यामुळे यंत्र काही दिवस प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या किंवा पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ या यंत्रणेच्या केंद्राजवळ ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहण्याची अट स्पर्धेच्या नियमांत असावी. चुकीचा आकडा सोसायटीच्या ग्रुपवर पसरला, की शेजारच्या बेकरीशी किंवा बांधकामाशी विनाकारण भांडण होते.

चौथी पायरी: माहिती कुठून येणार आणि कोणाची आहे

महापालिकेची माहिती हवी असेल तर ती स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मागून मिळत नाही. माहितीच्या अधिकाराखाली, २००५ च्या कायद्यानुसार, १० रुपये शुल्क भरून अर्ज केला तर उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. म्हणून आयोजकांनी अर्ज केव्हा केला, हे विचारावे. मिळालेले कागद बहुधा स्कॅन केलेले किंवा युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत, येण्यापूर्वीच्या जुन्या मराठी फाँटमधले असतात आणि संगणकावर उघडले की त्यांत निरर्थक चिन्हे दिसतात. दोन-तीन विद्यार्थ्यांना आठवडाभराचे मानधन देऊन ही माहिती आधीच स्वच्छ युनिकोडमध्ये आणून ठेवावी. माझ्या मते प्रायोजकाच्या पैशाचा याहून चांगला उपयोग क्वचितच असेल, कारण ती माहिती हरलेल्या गटांच्याही आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेच्याही कामी येते. नकाशासाठी २००४ पासून लोकसहभागातून चालणारा ओपनस्ट्रीटमॅप मोफत वापरता येतो, मात्र त्याचा श्रेयनिर्देश करावा लागतो.

माणसांच्या माहितीबाबत मात्र हात आखडता ठेवावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. शाळकरी मुले स्पर्धेत भाग घेणार असतील, तर नोंदणी अर्जापासूनच हे पाळावे. घरकामाला येणाऱ्या बायकांचे चेहरे कॅमेऱ्याने ओळखून त्यांच्या येण्या-जाण्याची नोंद ठेवणारी अ‍ॅप्स सुरक्षेच्या नावाखाली अशा स्पर्धांत येतात. मी त्यांना पैसे देत नाही आणि आपणही देऊ नयेत, असे आग्रहाने सांगतो. वस्ती त्या बायकांचीही आहे.

पाचवी पायरी: करार आणि हप्ते

दोन पानांचा सामंजस्य करार पुरतो. त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. पहिली, तयार झालेल्या कामाची मालकी. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार, वेगळा करार नसेल तर लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क तो लिहिणाऱ्यांचाच असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. प्रायोजकाने हा हक्क मागू नये. काम ‘एमआयटी लायसन्स’सारख्या, कोणालाही ते वापरू आणि बदलू देणाऱ्या खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करावे, एवढीच अट घालावी, म्हणजे मूळ गट पांगला तरी दुसरे कोणी ते पुढे नेऊ शकेल. दुसरी, सर्व्हर, डोमेन आणि सांकेतिक शब्द संस्थेच्या नावावर असावेत, एखाद्या विद्यार्थ्याच्या ईमेलवर नकोत. तिसरी गोष्ट म्हणजे हप्ते.

समजा, आपण दोन लाख रुपये देणार आहात. त्यांतले ४०,००० कार्यक्रमाला, २०,००० साहित्याला आणि माहिती स्वच्छ करण्याला, ५०,००० बक्षिसांना आणि उरलेले ९०,००० निकालानंतरच्या बारा महिन्यांना, अशी वाटणी मी करतो. आयोजकांच्या पहिल्या अंदाजपत्रकात हे आकडे बहुधा उलटे असतात: निम्म्याहून अधिक रक्कम सभागृह, टी-शर्ट, स्मृतिचिन्हे आणि जेवणावर जाते आणि ‘नंतर’ असे सदरच नसते. जेवण चांगलेच असावे, त्यात काटकसर नको. स्मृतिचिन्हांत मात्र खुशाल करावी. बक्षीस १०,००० रुपयांच्या वर जाणार असेल, तर टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच होणारी करकपात, लागू होतो का, हे आयोजकांनी त्यांच्या सीएंना आधी विचारावे आणि विद्यार्थ्यांना तसे सांगावे, म्हणजे मंचावर जाहीर झालेली रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम यांवरून कोणाचे मन दुखावणार नाही.

स्पर्धेचा दिवस

या दिवशी प्रायोजकाला फारसे काम नसते आणि तेच चांगले. तारीख विद्यापीठाच्या परीक्षा आणि गणेशोत्सव टाळून ठरलेली असावी. रात्रभर चालणारी स्पर्धा असेल, तर मुलींच्या मुक्कामाची आणि घरी जाण्याची व्यवस्था लेखी मागावी. ती नसेल, तर स्पर्धा दिवसाची करायला सांगावी. बाहेर फ्लेक्स लावायचा असेल तर महापालिकेची परवानगी आयोजकांनी घ्यावी, कारण विनापरवाना फलकावर नाव आपले असते. भाषण करायला बोलावले तर तीन मिनिटे बोलून प्रत्येक गटाच्या टेबलापाशी जावे आणि एकच प्रश्न विचारावा: “हे वापरणाऱ्या माणसाला तुम्ही भेटलात का?”

निकालानंतर

विजेत्या गटाला वस्तीतला एक जोडीदार नेमून द्यावा. सोसायटीचे सचिव, वाचनालयाच्या ग्रंथपाल किंवा निवृत्त अभियंता, असा कोणीही चालेल, पण तो शहर सोडून जाणारा नसावा. पुढच्या वर्षाचे ९०,००० रुपये तीन हप्त्यांत द्यावेत: पहिला हप्ता यंत्रणा एका खऱ्या ठिकाणी बसल्यावर, दुसरा ती पाच ठिकाणी चालू झाल्यावर आणि तिसरा एक पावसाळा काढल्यावर. काम फसले तर पैसे परत मागण्यापेक्षा दोन पानांत काय फसले ते लिहून घ्यावे आणि प्रसिद्ध करावे. पुढच्या गटाला त्याचा खरा उपयोग होतो.

तिसऱ्या हप्त्याच्या वेळी अहवालावर विसंबू नये, स्वतः जाऊन पाहावे. आमच्या टाकीच्या यंत्रणेसाठी मी ऑक्टोबरमध्ये पहाटे साडेपाचला गेलो होतो. पाण्याचा आवाज येत होता, वॉचमन काका खुर्चीत चहा घेत बसले होते. थोड्या वेळाने त्यांच्या खिशातला फोन वाजला, त्यांनी तो न उचलताच कट केला आणि उठून पंपाचे बटण बंद केले. गच्चीवर चढून पाहिले, तर पाणी काठाच्या वीतभर खाली थांबलेले होते. धनादेश मी तिथेच, टाकीच्या कठड्यावर वही टेकवून लिहिला.